एक्केचाळीस मेंढरं आणि वीस बाजूंचा फासा

माझं सांगलीत चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीत बसलं, डोळ्याला ती जड फ्रेम लावली आणि "खालची ओळ दिसते का" विचारलं, की ओळ सोडून घरातलं सगळं सांगतं. म्हणजे किस्से साठायचे तर दुकानात साठायला हवेत. पण माझ्याकडे ढीग लागलाय तो रविवारचा. तो कमी होत नाही, कारण यातला कुठलाही किस्सा सांगायला घेतला की आधी खेळ समजावून सांगावा लागतो, आणि खेळ समजेपर्यंत समोरच्याचा चहा संपतो. तो उठतो, किस्सा राहतो. आज तुम्ही सगळे फुरसतीत दिसताय, म्हणून सांगून टाकते.

खेळ असा. एक जण गोष्ट सांगतो, त्याला मास्टर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी राणी, कुणी मांत्रिक. आता मी राणी आहे आणि म्हणाले, "मी दार फोडते", तर दार लगेच फुटत नाही. मास्टर सांगतो की पंधरा लागतील. मग मी वीस बाजूंचा फासा टाकायचा. पंधरा किंवा वर पडले तर दार फुटलं, खाली पडले तर माझा खांदा. बाकीचेही फासे असतात, चार बाजूंचा, सहा, आठ, बारा, ते मार किती लागला वगैरे ठरवायला.

आमचा मास्टर अजित. सरकारी नोकरीत पाऊस आणि नदीचं पाणी मोजतो. दशांश चिन्ह नसेल तर त्याला आकडा अर्धवट वाटतो. विकत मिळणारे नियम त्याला "फार ढोबळ" वाटले, म्हणून त्यानं स्वतः लिहिले. तीन जाड रजिस्टरं! त्यात चिखलाचे पाच प्रकार आहेत. आणि एकदा आकडा लिहिला की तो कुणासाठी अर्ध्यानंही हलवायचा नाही, हा त्याचा बाणा. आम्ही रुसलो, ओरडलो, एकदा मी तीन आठवडे गेले नाही. आकडा तिथंच.

जागा म्हणजे मार्केट यार्डातली बापूंच्या हळदीच्या पेढीवरची माडी. तिथं सगळं पिवळं आहे. भिंती, गाद्या, अजितची रजिस्टरं. आमचे फासेही सहा महिन्यांत असे पिवळे झाले की लांबून सगळे सारखेच दिसायला लागले.

* * *

पहिल्याच रविवारी माझी राणी मेली.

लढाईत मेली असती तर मी काही बोलले नसते. ती राजवाड्याचा जिना उतरून लढाईला निघाली होती. अजितनं विचारलं, नेसलीयेस काय? मी म्हटलं, नऊवारी. तलवार कुठल्या हातात? उजव्या. ढाल? डाव्या. मग कठडा कशानं धरणार? तोवर त्यानं नऊवारीचं वजन, तलवारीचं वजन आणि पायरीची उंची यांची बेरीज मांडली होती. सकाळीच जिना धुतला होता, हे त्यानं मला नंतर सांगितलं. अकरा पायऱ्यांचे अकरा फासे. सातव्या पायरीवर दोन पडले.

मी खूप चिडले. चार दिवस बसून त्या राणीचा इतिहास लिहिला होता मी, माहेर-सासरसकट. अजितनं शांतपणे रजिस्टर माझ्याकडे वळवलं आणि म्हणाला, "खरं तर तू दुसऱ्याच पायरीवर मरायला हवी होतीस. मी खालच्या बाजूनं राउंड ऑफ केलं."

* * *

बापू पासष्टीचे. चाळीस वर्षं हळदीच्या सौद्यात काढलेला माणूस. ते या खेळात आले ते केवळ माडी त्यांची म्हणून. आम्ही काय करतो ते बघायला वर आले आणि बसले. मांत्रिक झाले. पण त्यांना एक गोष्ट कधीच पटली नाही, ती म्हणजे समोरच्यानं सांगितलेला आकडा तसाच घ्यायचा.

अजित म्हणायचा, कुलूप उघडायला सोळा. बापू म्हणायचे, बाराला सोड. अजित म्हणायचा, वहीत सोळा आहे. बापू म्हणायचे, वहीत असंल, पण कुलूप बघ की कसलं गंजलंय. मग कुलूप किती जुनं, गंज किती, हवा दमट का कोरडी, असं चालायचं. शेवटी अजितनं हात टेकले, म्हणजे घासाघीस या विषयावर नवीन तक्ता काढला. फासा टाकून चौदा पडले तर आकडा एकानं कमी. बापूंनी तक्ता चष्मा लावून नीट वाचला आणि विचारलं, "ह्यो चौदा बाराला बसंल का?"

एका रविवारी गुहेच्या दारावर दोघांचं तासभर चाललं. बापूंनी सोळाचे अकरा करून घेतले, कपाळावरचा घाम पुसला, फासा टाकला. नऊ. आम्हाला वाटलं आता चिडतील. पण बापूंनी फासा उचलून चष्म्याजवळ धरला आणि अजितला समजावणीच्या सुरात म्हणाले, "आपलं उलटं चाललंय बघ. आदी फासा टाकायचा, मग आकडा ठरवायचा. माल बघितल्याबिगर भाव कसा बोलायचा, गड्या?"

* * *

तानाजीरावांना मी आणलं. फौजेतले रिटायर हवालदार, आटपाडीकडचे. जवळचं दिसत नाही म्हणून दुकानात आले होते. फासे माझ्या टेबलावर होते. त्यांनी वीस बाजूंचा उचलून उजेडात धरला, दोनदा फिरवला, आणि विचारलं की याचं काम काय. मी सांगितलं. पुढच्या रविवारी इस्त्रीच्या शर्टात नऊला पाच कमी असताना हजर.

अजितनं त्यांना यादी वाचून दाखवली. योद्धा, मांत्रिक, धनुर्धर, हेर. तानाजीराव म्हणाले, मेंढपाळ. अजित म्हणाला, मेंढपाळ यादीत नाही. तानाजीराव म्हणाले, "मग मी बसतो नुसता. तुमी खेळा." आणि खरंच चार तास ताठ बसून राहिले. पुढच्या रविवारी अजित मेंढ्यांवर अकरा पानं लिहून घेऊन आला.

किती मेंढ्या, असं विचारल्यावर ते म्हणाले, एक्केचाळीस. आणि एका दमात एक्केचाळीस नावं सांगितली. बांडी, काळी, लंगडी, भुरी, मुकी... अजित लिहून घेताना मागं पडला. नावं खरी होती. तानाजीराव फौजेत असताना घरच्यांनी कळप विकला. पत्रात कुणी कळवलं नाही. सुट्टीवर आले तर मेंढरं कोंडायची जाळी भिंतीला टांगलेली. हे त्यांनी एकदाच, आकडा सांगावा तसं सांगितलं.

आमच्या गोष्टीत राज्याचा मुकुट चोरीला गेलेला होता आणि तो शोधणं हे सगळ्यांचं काम होतं. तानाजीरावांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं, "मुकुट तुमी शोधा. मी मेंढरं घिऊन कोकणात उतरनार, चारनार, आन परत गावाला आननार. एक्केचाळीस नेनार, एक्केचाळीस आननार. एक बी कमी न्हाई."

तेव्हापासून चार वर्षं आमच्या राज्याला मुकुट नाही.

* * *

पहिला ओढा आला तेव्हा अजितनं हिशेब मांडला. वीस बाजूंच्या फाशावर एक पडला तर मेंढी वाहून जाते. एक्केचाळीस मेंढ्या, म्हणजे सरासरी दोन पूर्णांक शून्य पाच मेंढ्या जातील. तेवढ्या वजा करू आणि पुढं जाऊ.

तानाजीराव उभे राहिले. "साहेब, मेंढरं सरासरीनं मरत न्हाईत."

मग प्रत्येक मेंढीचा वेगळा फासा. नाव घ्यायचं, फासा टाकायचा, पार झाली की अजितनं खूण करायची. एक पडला की तानाजीरावांचं पात्र पाण्यात उडी मारणार, त्याचा वेगळा फासा, आणि मेंढी वाचली तरी त्याचे स्वतःच्या जिवाचे पॉइंट जाणार, सगळे संपले की तो मेला. एका ओढ्याला तीन रविवार लागले. कळप पुरा उतरला. तानाजीरावांच्या पात्राचा एक कान आणि दोन बोटं गेली. दुसऱ्या ओढ्याला गुडघा गेला. ते आम्हाला घरी जाताना सांगायचे, "लय सस्तात पडलं."

पण किस्सा तो नाही. किस्सा असा की त्या तीन रविवारांत माझी दुसरी राणी आणि बापूंचा मांत्रिक काठावर एका राक्षसाशी लढत होते. तलवार उगारलेली, राक्षसाचा हात वर, आणि पाळी मेंढ्यांची! पाळी आल्याशिवाय कुणाला हलता येत नाही, हा अजितचाच नियम. तिसऱ्या रविवारी शेवटची मेंढी पार झाली, मी सरसावून बसले, म्हटलं, आता माझा वार. अजितनं रजिस्टर चाळलं, पेनानं कागदावर काहीतरी भागाकार केला आणि मान हलवली.

"राक्षस उपासमारीनं मेलाय. परवाच."

* * *

बापूंना एकदा लग्नाला जायचं होतं, म्हणून त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, बसल्या. पोहे घेऊन वर आल्या होत्या, अजितनंच आग्रह केला. गुहेत सात दरोडेखोर. काकींनी फासा टाकला, वीस. पुन्हा टाकला, वीस. अजित उठून उभा राहिला. तिसऱ्यांदा वीस. चार वर्षांत आमच्यापैकी कुणाला ओळीनं दोनदा वीस पडले नव्हते. काकींनी साडीला हात पुसले, रिकाम्या बश्या गोळा केल्या आणि जिना उतरता उतरता म्हणाल्या, "एवढ्याला दर रविवार लागतो व्हय तुम्हाला?"

* * *

कोकणातून परतताना कळप महाबळेश्वरात आला आणि पाऊस लागला. पाऊस हा अजितचा जिव्हाळ्याचा विषय. त्यानं एक अख्खं रजिस्टर त्यावर काढलं. लोकर किती पाणी पिते, भिजलेल्या मेंढीचं वजन किती, वगैरे. आकडेमोड झाल्यावर असं निघालं की कळप पुलावर गेला तर पूल पडेल.

तानाजीराव म्हणाले, मेंढरू पाणी अंगावर ठेवत नाही, झाडून टाकतं. अजित म्हणाला, किती टक्के? तानाजीराव म्हणाले, ते कसं सांगू, बघा. आणि घडी घातलेला रुमाल बाजूला ठेवून गुडघ्यांवर आणि हातांवर उभे राहिले. आधी मान, मग खांदे, मग सगळं अंग, मागून शेवटी एक बारीक झटका. अजित घड्याळ लावून बसला. पुन्हा करा, म्हणाला. त्यांनी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करत असताना कर्नाटकातून आलेला एक हळदीचा व्यापारी बापूंना शोधत जिना चढून वर आला.

तो दारातच थांबला. माडीवर चौकोनी खांद्याचा, मिशीवाला, साठीच्या घरातला माणूस रांगत्या अवस्थेत अंग झाडतोय, एक जण घड्याळाकडे बघतोय, एक बाई लिहून घेतेय. त्यानं बापूंकडे बघून हळूच विचारलं, यांना काय झालंय? बापूंनी गादीवरून मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"काय न्हाई. भिजल्यात."

* * *

तरी अजितला खात्री वाटेना. मेंढी मुळात पाण्यात शिरते का, आणि किती वेळा, हे मोजलंच पाहिजे म्हणाला. मग तानाजीरावांच्या चुलत भावाकडून एक मेंढी घेतली, बापूंच्या टेम्पोत घातली आणि चौघं पाटणच्या पुढं गेलो. घोट्याएवढं पाणी असलेला ओढा शोधला. वीस प्रयत्न करायचे ठरलं, कारण फासा वीस बाजूंचा.

मेंढी वीसच्या वीस वेळा शिरली नाही. आम्ही ढकललं, पाला दाखवला, बापूंनी तिच्याशी घासाघीससुद्धा केली. अजितनं तिथंच दगडावर बसून नियम बदलला: पाण्यात शिरण्याची शक्यता, वीसपैकी शून्य. म्हणजे आमचा सगळा कळप, आधीच दोन ओढे पार करून आलेला, नियमानुसार अजून घराबाहेर पडलेलाच नव्हता!

तानाजीराव इतका वेळ लांब उभे होते. आता त्यांनी चपला काढल्या, विजार वर केली आणि मेंढीकडे न बघता ओढ्यातून चालत पलीकडे गेले. मेंढी त्यांच्या मागोमाग गेली. मग ते परत अलीकडे आले. तीही आली. असं चार वेळा झालं. अजितनं आधीचा आकडा खोडला. त्याला खाडाखोड करताना मी पहिल्यांदाच बघितलं. नवा आकडा लिहायच्या जागी त्यानं नुसतं लिहिलं, "पुढे तानाजीराव असल्यास."

येताना टेम्पोत मेंढी माझ्या मांडीवर ओकली. त्याला तक्ता नव्हता.

* * *

मग अजितच्या बदलीची ऑर्डर आली. विदर्भात, लांब. त्याच्या जागी नियम चालवेल असं कुणी नव्हतं. ती रजिस्टरं त्याच्याशिवाय कुणाला समजतही नव्हती. एक रविवार हातात होता. कळप आणि गाव यांच्यामध्ये एकच नदी उरली होती, आणि नदीला पूर.

पूर म्हणजे नुसता एक टाळून भागणार नव्हतं, दहाच्या खाली पडले की मेंढी गेली. तानाजीरावांचं पात्र आत उतरून वाचवू शकत होतं, पण दर वेळी एक पॉइंट जाणार. त्यांच्याकडे चोवीस होते. इतक्या वर्षांत इतर कशावरही न खर्चलेले.

नऊला सुरुवात झाली. बांडी, पार. काळी, वाहिली, उडी, परत आणली. लंगडी, पार. बापूंनी खालचा सौद्याचा फोन उचलला नाही. काकी पोह्यांचं ताट घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या. संध्याकाळी साडेसहाला अजितच्या कागदावर चाळीस खुणा होत्या, आणि तानाजीरावांच्या पात्राकडे एक पॉइंट. म्हणजे उडी मारली तर तो मरणार आणि हाकणाऱ्याशिवाय पलीकडची चाळीस पांगणार. शेवटची राहिली ती मुकी. ती खरी मुकी त्यांच्या हातून मीठ खायची आणि कधी ओरडायची नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पाणी वाढलं होतं. अजितनं वहीत बघून सांगितलं, तिला पंधरा लागतील. बापू नेहमीप्रमाणे पुढं झुकले, आणि घासाघीस न करता परत मागं टेकले.

तानाजीरावांनी फासा घेतलेली मूठ वर उचलली. ती तशीच राहिली. आम्ही वाट बघितली. मी खोटं कशाला बोलू, मी मनात देवाला नारळ बोलून गेले. एका नसलेल्या मेंढीसाठी!

"साहेब," तानाजीराव म्हणाले, "माज्याच्यानं न्हाई व्हत. तुमी टाका."

त्यांनी मूठ खाली आणून मांडीवर ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं. अजित थोडा वेळ त्यांच्या त्या मुठीकडे बघत राहिला. मग समोरच्या वाटीतून फासा उचलला, टाकला, आणि तो थांबायच्या आत त्यावर तळवा ठेवला. तळव्याची कड उचलून खाली वाकून पाहिलं.

"अठरा," अजित म्हणाला. "पार." आणि कागदावर एक्केचाळिसावी खूण केली.

बापू गादीवरून उठून कठड्याशी जाऊन उभे राहिले. काकींनी पदर डोळ्याला लावला. तानाजीराव खिडकीकडे तोंड करूनच एक एक नाव म्हणत होते, हळू, बोटांवर मोजत, आणि मुकीपर्यंत आल्यावर थांबले.

फासे आवरून डबीत भरायचं काम माझं. वीस बाजूंचा आमच्याकडे एकच. दुसरा मागवू मागवू म्हणत राहून गेला होता. अजितच्या हाताजवळचा फासा मी उचलला आणि डबीत टाकायच्या आधी सवयीनं बाजू बघितल्या. तो बारा बाजूंचा होता.

मी अजितकडे पाहिलं. तो रजिस्टरांना दोरी बांधत होता.

तानाजीराव खिडकीतून वळले, माझ्यासमोर आले आणि मूठ उघडून वीस बाजूंचा फासा माझ्या हातावर ठेवला. तो घामानं ओला झाला होता.